पांढरीतली बिळे आणि त्यांचे जाणकार

गोदावरीच्या उजव्या तीरावर वसलेल्या पुणतांब्याला योगी चांगदेवांच्या समाधीमुळे तीर्थाची आणि अहिल्याबाई होळकरांच्या घाटामुळे स्थापत्याची प्रतिष्ठा लाभलेली आहे; परंतु ज्यांनी या गावातले जुने घर, त्याची मागची पडवी आणि पडवीपलीकडचे परस अद्याप मोडून टाकलेले नाही, त्यांना विचारले तर दिवाळीच्या आगेमागे त्यांच्या मनाला लागून राहणारी चिंता फार निराळी असते. ती असते बिळांची. सकाळी परसात पाऊल टाकावे तो तुळशीवृंदावनाच्या बाजूला टोपलीभर ताजी, भुसभुशीत माती वर आलेली दिसते. कालपर्यंत सपाट असलेली शहाबादी फरशी एका कोपऱ्याने खचलेली असते. आणि आपल्या घराच्या जोत्याखालून कोणी तरी रात्रभर माती उपसत आहे, या जाणिवेने घरातल्या वडीलधाऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. हा लेख त्या बिळांविषयी आणि ती मोडण्यासाठी ज्या माणसाला आपण पैसे देऊन बोलावतो त्या माणसाविषयी आहे. कारण हे बोलावणे किरकोळ घरगुती बाब समजून आपण ज्या बेफिकिरीने उरकतो, ती बेफिकिरी जिवावर बेतू शकते, असे माझे निश्चित मत झाले आहे.

हा उपद्रव पुणतांब्यासारख्या गावात इतका चिवट का, हे कळण्यासाठी आधी गावाच्या मातीकडे पाहावे लागते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट. ही पांढरी निसर्गाने आयती दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी माणसे राहिली, त्यांच्या मातीच्या भिंती पावसात विरघळल्या, त्या ढिगांवर नव्या भिंती उभ्या राहिल्या, चुलींची राख, गोठ्यातले शेण आणि अंगणातला केर यांचे थरावर थर चढत गेले, आणि गावठाण भोवतालच्या शिवारापेक्षा उंच झाले. काळी माती पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि आपल्यातले पोकळ भुयार स्वतःच बुजवून टाकते. पांढरी मात्र हलकी, पाण्याचा निचरा करणारी आणि बारा महिने पंजाने उकरता येण्याजोगी. भुयार खोदून राहणाऱ्या प्राण्याला यापेक्षा उत्तम वसतिस्थान मिळणे कठीण, आणि त्या वसतिस्थानावरच आपली घरे उभी आहेत.

त्यात विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर-मध्यमेश्वराच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, प्रथम खाजगी आणि मग प्रवरानगरच्या उदाहरणाने सहकारी साखर कारखाने निघाले, आणि बागायतीच्या या वैभवाबरोबर उंदीर-घुशींनाही एक अभयारण्य मिळाले. कारण उसाच्या फडात वर्षभर नांगर फिरत नाही, खाली पाचटाचा आडोसा असतो, पाटाच्या कडेला ओलावा असतो आणि कुरतडायला गोड कांडे असते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो, फडात कोयता लागतो, रान मोकळे होते, आणि तेथले रहिवासी बांध, पाट आणि पाणंदी धरून वस्तीकडे सरकतात. परसातली बिळे नेमकी सणाच्या तोंडावर का वाढतात, याचे बरेचसे उत्तर या स्थलांतरात आहे. आपल्या घराच्या अस्वच्छतेमुळे हे झाले अशी गृहिणींना जी लाज वाटते, ती बहुतांशी अनाठायी आहे.

आपण सरसकट जिला घूस म्हणतो तिच्या दोन जाती या भागात आढळतात. थोरली घूस वजनाने किलोच्या घरात जाते आणि गटारे, उकिरडे, जुन्या वाड्यांची जोती यांच्या आश्रयाने राहते. धाकटी तिच्या निम्म्याहून लहान, परंतु उपद्रवात तिला मागे टाकणारी, आणि शेत व गाव या दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने नांदणारी. प्राणिशास्त्रात तिला बँडिकोटा बेंगालेन्सिस असे नाव आहे. ही धाकटी घूस बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग लावते आणि आत शिरल्यावर तोंड मातीने बंद करून घेते. म्हणून उघडे, कोळिष्टके धरलेले भोक तिचे नव्हे, हे जाणत्याला लांबूनच कळते. ती एकलकोंडी आहे. पिलांसह असलेली मादी सोडली तर एका बिळात सहसा एकच प्रौढ प्राणी असतो, आणि यामुळे बिळांच्या मोजणीवरून प्राण्यांचा अंदाज बांधता येतो. आत धान्याची साठवण करण्याची तिला विलक्षण हौस. सुगीच्या दिवसांत एकेका बिळातून काही किलो धान्य निघाल्याचे अनुभव शेतकरी सांगतात आणि शास्त्रज्ञांनीही तसे नोंदले आहे. गर्भधारणेचा काळ जेमतेम तीन आठवड्यांचा आणि एका वेळी सहा-आठ किंवा त्याहून अधिक पिले. हे गणित ध्यानी घेतले म्हणजे चारदोन घुशी मारून प्रश्न सुटला असे मानणे किती भोळेपणाचे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु प्रत्येक बीळ घुशीचे नसते. शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला, मागच्या पायांवर उड्या मारणारा उंदीर कोरड्या बांधात राहतो. बोटाएवढ्या भोकाच्या तोंडाशी बारीक खड्यांची रास रचणारा एक चिमुकला उंदीर आहे. मोठे, प्रशस्त तोंड मुंगसाचे किंवा साळिंदराचे असू शकते, ज्यांना मारणे हा अपराध आहे. आणि कित्येकदा मूळ धनी निघून गेलेल्या बिळात धामण, नाग किंवा घोणस मुक्कामाला असते. म्हणून बिळाचा धनी ओळखणे हे या व्यवसायाचे पहिले शास्त्र होय, आणि ते ज्याच्यापाशी नाही त्याने बिळात हातही घालू नये आणि विषही टाकू नये.

या मुलखाला उंदरांचा त्रास नवा नाही. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाने दख्खन होरपळून निघाली होती, पुणतांब्यावरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली नुकताच सुरू झाला होता, पाऊस बरा झाला होता आणि कुणब्याला दोन घास मिळतील अशी आशा उत्पन्न झाली होती. अशा वेळी १८७८-७९ च्या सुगीवर उंदरांच्या टोळधाडीने झडप घातली. नगर जिल्ह्यातील वडाळ्याला राहणारे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक हे पक्ष्यांचे चिकित्सक अभ्यासक होते. त्यांनी या नासाडीवर स्वतंत्र लेखन केले, आणि म्हणूनच त्या आपत्तीचा वृत्तांत आज उपलब्ध आहे. दीर्घ अवर्षणानंतर चांगला पाऊस झाला की उंदरांची संख्या एकाएकी उसळते, हे प्राणिशास्त्राने पुढे ठिकठिकाणी पाहिले. सरकारने मारलेल्या उंदरांवर इनाम लावले. म्हणजे उंदीर मारण्यासाठी सरकारी खजिन्यातून मोबदला देण्याची प्रथा आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांची आहे.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि उंदराविषयीच्या तक्रारीला भयाचे रूप आले. उंदीर पडले असे ऐकताच गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत, ही आठवण आमच्या आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत जिवंत होती, आणि ती पळापळ अज्ञानमूलक नव्हती. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवून दिले की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू नवा आश्रय शोधीत माणसाकडे येते आणि तीच रोग आणते. हा केवळ इतिहास नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावचे लोक भीतीने घराबाहेर राहू लागले, आत धान्य तसेच राहिले, उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तेथे गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावणाऱ्याने मामल्याची हकीकत अवश्य स्मरावी. मेलेले प्राणी हातमोजे घालून वा चिमट्याने उचलणे आणि खोल पुरणे हे कामाचे अर्धे अंग आहे, आणि बोलावलेला माणूस ते करणार की नाही हे आधीच ठरवून घ्यावे लागते.

विष आणि यंत्रे यांच्यापूर्वी या कामाचे जाणकार कोण होते? आमच्या भागात वडार आणि भिल्ल. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी वडारांच्या आहारात शेतातल्या उंदराचा उल्लेख केला आहे. तो उल्लेख करताना त्या लेखकांच्या स्वरात जी तुच्छता उतरली, ती बाजूला सारून पाहिले म्हणजे लक्षात येते की ज्या जमातीने या देशाच्या विहिरी, तलाव, कालवे आणि लोहमार्गांचे भराव खोदले, तिच्याइतकी मातीची परीक्षा दुसऱ्या कोणाला असणार? शेताचा मालक सुगीनंतर त्यांना बोलावी. निघालेले उंदीर आणि बिळातले धान्य हाच त्यांचा मेहनताना. मालकाच्या दृष्टीने ते धान्य आधीच गेलेले होते, आणि खोदणाऱ्याच्या दृष्टीने ती त्या दिवसाची भाकर होती. या व्यवहारात लेखी करार नव्हता, परंतु कामाचे माप मात्र अगदी चोख होते: जितकी बिळे उकलली तितके धान्य.

पुणतांब्याच्या शिवारात एका वृद्ध वडार बाबांना असे काम करताना मी पाहिले आहे. त्यांनी आधी कुदळ खाली ठेवली आणि बांधावरून सावकाश एक फेरी मारली. ताजा ढीग, शिळा ढीग, गवतातून गेलेली पुसट पायवाट, कुरतडलेल्या ताटांचे तुकडे हे सर्व त्यांच्या नजरेने टिपले. मग मुख्य तोंडापासून काही हातांवर, जेथे मला सपाट जमिनीखेरीज काही दिसत नव्हते, तेथे त्यांनी टाच दाबली आणि माती आत गेली. ती घुशीची चोरवाट होती. वर मातीचा पातळ पापुद्रा ठेवून घूस अशा वाटा राखून ठेवते आणि संकट आले की डोक्याने पापुद्रा फोडून पळते. चोरवाटा प्रथम बुजवायच्या, एक तेवढी मोकळी ठेवून तेथे माणूस बसवायचा, आणि मग मुख्य भुयाराच्या मागोमाग, ते जसे वळेल तसे, पहारीने खोदीत जायचे, ही त्यांची रीत. साठवणीची कोठी कोणती आणि पिलांचे घर कोणते हे त्यांना कुदळीच्या आवाजावरून समजत असे. विषाचा एक कण न वापरता, बांधाला फारसा धक्का न लावता, त्यांनी ते रान मोकळे केले. हे ज्ञान कोणत्याही पदवीच्या तोडीचे आहे, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

आता परसातल्या बिळांकडे वळतो, कारण तेथे ही रीत जशीच्या तशी चालत नाही. शेताच्या बांधावर पहार चालवता येते. घराच्या जोत्याला लागून चालवली तर घुशीने पोखरलेला पाया आपणच खाली आणण्याची भीती. आमच्या घरामागे उपद्रव वाढला तेव्हा तालुक्याच्या ठिकाणाहून प्रथम जो इसम आला, त्याने बिळांकडे नीट पाहिलेही नाही. पिशवीतून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांची बाटली काढून त्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या भोकांत टाकण्याची तयारी केली, आणि परवाना विचारताच तो घरी विसरल्याचे सांगितले. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची, तान्हे मूल निजण्याची खोली होती. आम्ही त्याला जाण्यायेण्याचे भाडे देऊन परत पाठविले.

त्या गोळीचे कार्य समजून घेतले पाहिजे. ओलाव्याशी संबंध येताच तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असून भुयारांतून, फरशीच्या सांध्यांतून, पायातल्या भेगांतून वाट मिळेल तिकडे पसरतो, आणि त्यावर कोणताही उतारा नाही. अमेरिकेतील युटा राज्यात, लेटन गावी, फेब्रुवारी २०१० मध्ये एका कुटुंबाने अंगणातली बिळे मोडण्यासाठी व्यावसायिकाला बोलावले. त्याने याच प्रकारचे औषध घराजवळच्या बिळांत घातले, वायू घरात शिरला आणि त्या घरातल्या दोन लहान मुली दगावल्या. त्यानंतर तेथील पर्यावरण-रक्षण खात्याने निवासी जागेत हे औषध वापरण्यास मनाई केली आणि माणसे वा जनावरे राहतात अशा इमारतीपासून शंभर फुटांच्या आत बिळांत ते घालू नये असा दंडक घातला. शंभर फूट! पुणतांब्याच्या गावठाणात, जेथे एका घराची भिंत दुसऱ्या घराची भिंत असते, तेथे शंभर फुटांत किती संसार येतात याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याकडेही कायदा नाही असे नव्हे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रकाला परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी कृषी शाखेची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि म्हैसूर, हैदराबाद किंवा हापूड येथील केंद्रीय संस्थेचे प्रशिक्षण लागते. ॲल्युमिनियम फॉस्फाईड तर निर्बंधित औषध आहे. शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक नियंत्रक यांनीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते वापरावे असा हुकूम आहे, आणि सामान्य ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या लहान नळ्यांच्या उत्पादनावर २००१ सालीच बंदी आली. तरीही बंद खोलीत धान्याच्या कोठीजवळ वा उंदरांसाठी ठेवलेल्या गोळीमुळे माणसे गेल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांतून येत राहतात. दुकानात मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची मलमासारखी पेस्टही अशीच घातक. लहान मूल ती दातांची पेस्ट समजून तोंडात घालते, आणि प्रथम काही झालेच नाही असे वाटून दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होते. तामिळनाडूने तिच्यावर बंदी घातली, ती याच अनुभवातून.

दुसऱ्या खेपेला जे गृहस्थ आले त्यांनी परवान्याची प्रत न मागता पुढे ठेवली. त्यांच्या कामाचा क्रम मी येथे सविस्तर देतो, कारण योग्य काम कसे असते हे पाहिल्याशिवाय अयोग्य काम ओळखता येत नाही. त्यांनी संध्याकाळी परसातली, गोठ्यातली आणि बोळातली सर्व भोके मातीने लिंपून टाकली आणि प्रत्येकापाशी खूण ठेवली. दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उघडली गेली तेवढीच जिवंत बिळे. बाकीची निव्वळ जुनी पोकळी. ती संख्या त्यांनी कागदावर लिहून त्यावर आमची सही घेतली. मग विष नव्हे, तर गव्हाचा भरडा गोडेतेलात कालवून त्याच्या पुड्या दोन-तीन दिवस बिळांत ठेवल्या. कारण उंदीर-घुशी नव्या अन्नाविषयी अत्यंत साशंक असतात, थोडेसे चाखून पाहतात, आणि एकदा पोटात कळ आली की ते अन्न पुन्हा शिवत नाहीत. भरड्याची सवय जडल्यावर त्याच भरड्यात शंभराला दोन या प्रमाणात झिंक फॉस्फाईड मिसळून, हातमोजे आणि नाकावर फडके बांधून, लाकडी काठीने कालवून, पुड्या बिळात खोल सारल्या आणि तोंडे बुजवली. कोंबड्या आणि कुत्रे त्या काळात बांधून ठेवण्यास सांगितले. रोज सकाळी मेलेल्या घुशी गोळा करून गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरल्या. राहिलेल्या काही बिळांसाठी पंधरवड्याने ब्रोमाडिओलोनच्या वड्या, त्याही कुलूपबंद पेटीतून. हे औषध रक्त गोठू देत नाही, त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो म्हणून प्राण्याला संशय येत नाही, आणि त्यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, हे त्यांनी आपण होऊन सांगितले आणि कागदावर लिहूनही दिले.

परंतु त्यांच्या ज्या एका सल्ल्याने मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटला, तो विषाविषयी नव्हता. सरपण आणि गोवऱ्यांची रास भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवा. जनावरांच्या पेंडीचे पोते पत्र्याच्या पिंपात घाला. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा. आणि जोत्याच्या कडेने सुमारे दोन फूट खोल चर खणून तो दगड, सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने भरून घ्या, असे त्यांनी सांगितले. हे केले नाही तर पुढच्या गळीत हंगामात आपल्याला पुन्हा बोलवावे लागेल, आणि तसे बोलावणे येणे त्यांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने लाभाचे असले तरी ते त्यांना नको आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

चर खणण्याची वेळ आली तेव्हा मला शिवारातल्या त्या बाबांची आठवण झाली, आणि आम्ही त्यांनाच बोलावले. परवानाधारक नियंत्रक आणि मातीचा जाणकार असे दोघे एका परसात काम करीत असताना जे दृश्य दिसले, ते माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर आहे. भुयार पायाखाली कोठवर गेले आहे हे बाबांनी पहार टेकवून सांगितले आणि त्याप्रमाणे चराची रेषा बदलली. एका बिळात धामण असल्याचे त्यांनीच ओळखले आणि तिला निघून जाऊ दिले. धामण, गव्हाणी घुबड आणि मुंगूस हे आपले बिनपगारी चाकर आहेत. विष खाऊन मेलेली घूस उघड्यावर पडली तर घुबड आणि मांजर तिच्यासह संपतात, आणि पुढच्या वर्षी घुशींना शत्रूच उरत नाही.

कामाचे माप आधी ठरवून घेणे किती आवश्यक आहे, याचे उदाहरण थेट मंत्रालयातले आहे. मार्च २०१८ मध्ये आमदार एकनाथ खडसे यांनी विधानसभेत प्रश्न उपस्थित केला की मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचे कंत्राटाच्या कागदपत्रांत दिसते, ते कसे शक्य आहे. त्यावर शासनाकडून खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नसून वापरलेल्या विषारी गोळ्यांचा होता. त्या वादात शिरण्याचे मला प्रयोजन नाही. परंतु गोळ्या किती टाकल्या हे कामाचे माप होऊ शकत नाही, आणि मेलेले प्राणी किती हेही पुरेसे माप नव्हे. मुंबई महानगरपालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक हातात काठी आणि विजेरी घेऊन गटारांच्या काठी फिरतात, त्यांना एका रात्री तीस उंदरांचे उद्दिष्ट असते, आणि अंधारात, घाणीत, अल्प वेतनावर हे काम करणाऱ्या त्या माणसांविषयी कृतज्ञताच वाटली पाहिजे. तथापि त्या शहरातले उंदीर संपलेले नाहीत, कारण बिळे आणि अन्न दोन्ही कायम आहेत. खरे माप एकच: आधी जिवंत बिळे किती होती आणि महिन्याने किती राहिली.

आमच्या परसात बाबांचे ज्ञान जसे उपयोगी पडले, तसे तामिळनाडूत इरुळा या आदिवासी जमातीचे ज्ञान कामी आणले गेले आहे. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली त्यांची सर्पपकड सहकारी संस्था स्थापन झाली, आणि सर्पविष काढण्याचे त्यांचे काम आज देशातल्या प्रतिविषाच्या उत्पादनाला आधार देते. तेच लोक शेतातले उंदीर मडक्यातून धूर फुंकून पकडीत. तोंडाने फुंकल्यामुळे छाती खराब होई, म्हणून त्यांच्यासाठी हाताने फिरवायचे धुराचे पोलादी यंत्र तयार करण्यात आले. महाराष्ट्रात मात्र वडार ही विमुक्त जातींच्या यादीतली एक जमात एवढीच नोंद दप्तरात आहे. तिच्या हातातल्या विद्येची नोंद कोठेही नाही.

हे बदलता येण्यासारखे आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्याच जिल्ह्यात आहे, बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र तर आमच्याच तालुक्यात. त्यांनी वडार आणि भिल्ल तरुणांसाठी बिळांची ओळख, विनाविष पकड, विषाची सुरक्षित हाताळणी आणि प्रथमोपचार यांचा एक छोटा अभ्यासक्रम काढावा, त्याचा दाखला द्यावा, आणि परवानाधारक नियंत्रकांनी अशा दाखलेधारकांना बरोबर घेऊन काम करावे, अशी तजवीज व्हावी ही माझी विनंती आहे. पदवीची अट विषासाठी योग्यच आहे. परंतु पहारीसाठी ती अट कशाला? आणि ज्या पुणतांब्याने आपल्या मालाला व घामाला रास्त दाम मिळावा म्हणून १ जून २०१७ रोजी शेतकरी संपाला आरंभ केला, त्या गावाने तरी खोदणाऱ्या हातांची मजुरी बिळातल्या धान्यावर न भागवता रोख आणि पुरेशी द्यावी.

वाचकांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की परसात कोणालाही बोलावण्यापूर्वी परवाना पाहा, विषाचे नाव आणि त्यावरचा उतारा लिहून घ्या, घराच्या भिंतीलगत वायूची गोळी कोणत्याही सबबीवर टाकू देऊ नका, आणि काही अनिष्ट घडल्याची शंका जरी आली तरी वेळ न दवडता रुग्णाला विषाच्या वेष्टनासह दवाखान्यात न्या. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र रात्रंदिवस चालू असते. त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे.